गादी झोपाले असते, बसाले नाही: कॉटन मार्केटकडच्या सीटवाल्या काकांकडून बाईकची सीट बनवून घेतली त्याचा रिव्ह्यू

पयलेच सांगून टाकतो, ज्या दुकानाबद्दल लिहून राहिलो त्याला पाटी नाही. कॉटन मार्केटकडे एका गल्लीत पंक्चरवाल्याच्या बाजूला दहा बाय बाराची खोली आहे, बाहेर खिळ्यांना जुन्या सीटा टांगलेल्या, आत फोमचे ढीग, रेक्झिनचे रोल, एक म्हातारी शिलाई मशीन आणि गणपतीच्या फोटोखाली रेडिओ. सगळे त्यांना सीटवाले काका म्हणतात, नाव मलाही माहीत नाही, चार महिन्यात इतक्या चकरा झाल्या तरी विचारायचं राहूनच गेलं. त्यांनी सीट नवीन करून दिली, त्यानंतर मी जबलपूरपर्यंत जाऊन आलो, मग म्हटलं आता लिहायला हरकत नाही. काकांकडे जायच्या आधी ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंवर मी जेवढे पैसे घातले त्यात दोन सीटा झाल्या असत्या, ते पण लिहितो म्हणजे तुमचे तरी वाचतील.

गाडी 350 सीसीची आहे, कंपनीचं नाव घेत नाही, तिचे भक्त आपल्या नागपुरात गल्लोगल्ली आहेत आणि अर्धे माझ्याच व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये आहेत. माझं वय 47, वजन 84, उंची पाच फूट सहा इंच, दिवसभर ऑफिसच्या खुर्चीत. ही माहिती काहून देऊन राहिलो तर सीटचा रिव्ह्यू वाचताना समोरच्याचं वजन माहीत नसलं तर तो रिव्ह्यू काही कामाचा नाही. साठ किलोच्या पोराला जो फोम टणक लागते तो माझ्याखाली चपाती होते.

झालं असं की जानेवारीत आम्ही तिघं पचमढीला गेलो. सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया असा रस्ता, अडीचशे किलोमीटरच्या आसपास, काही फार लांब नाही. सावनेरपर्यंत मी राजा माणूस. सौंसरच्या आधी बुडाखाली गरम व्हायला लागलं, मग एका बाजूला सरकलो, मग दुसऱ्या बाजूला. जामसावळीला दर्शनाला थांबलो, तिथला मारुती आडवा पहुडलेल्या रूपात आहे, हात जोडले आणि खरं सांगतो मनात आलं की देवा थोडा सरक, मीपण आडवा होतो. सिलेवानीचा घाट अर्धा फूटरेस्टवर उभं राहून काढला, मागचा मित्र समजला की मी स्टंट करून राहिलो. छिंदवाड्याला चहा उभ्यानं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे संध्याकाळी धूपगडावर सगळी पब्लिक कठड्यावर बसून सूर्यास्त पाहून राहिली होती आणि मी एकटा मागे हात बांधून उभा, एक काकू म्हणाल्या भाऊ बसा ना, जागा आहे. आता काय सांगू त्यांना.

परत आल्यावर पयले घेतलं जेल पॅड. बाराशे रुपये. घरात सोफ्यावर ठेवून बसलो तर वा वा, थंडगार, बायकोला पण बसवून दाखवलं. रस्त्यावर पयला अर्धा तास तो थंडावा खरंच असते, कारण जेल तुमच्या अंगाची उष्णता शोषून घेते, पण एकदा ते तुमच्याइतकं गरम झालं की मग ती उष्णता जाणार कुठे, बसा मग गरम पिशवीवर. एप्रिलमध्ये ताडोबाला गेलो, मोहर्ली गेटवर गाडी उन्हात लावून सफारी करून आलो, आणि येऊन बसलो तर शब्दशः उडी मारून उठलो. काळं कव्हर, आत जेल, वर नागपूर-चंद्रपूर पट्ट्याचा एप्रिल, तव्यावर भाकरी टाकल्यासारखं. अंगावरचा दुपट्टा ओला करून त्याच्यावर टाकला तेव्हा कुठे बसता आलं. जिकडे थंडी असते तिकडे चालत असेल जेल, विदर्भात नको. मेमरी फोमचंही तसंच थोडंफार, तो गरमीत मऊ पडते आणि थंडीत कडक होते, आणि आपल्याकडे गरमी म्हणजे किती ते सांगायची गरज नाही.

मग घेतलं एअर कुशन. ह्याच्याबद्दल माझं मत अजून पक्कं नाही, पण जेलपेक्षा शंभर पटीनं बरं. आत हवेचे छोटे छोटे कप्पे असतात, एकमेकांना जोडलेले, तुम्ही हललात की हवा ह्या कप्प्यातून त्या कप्प्यात जाते आणि एकाच जागेवर दाब राहत नाही. मूळ कल्पना व्हीलचेअरवाल्या लोकांसाठीची आहे, सतत बसून बसून त्यांना जखमा होतात त्या होऊ नयेत म्हणून अशी कुशनं निघाली, एअरहॉक नावाची जी महागडी बाईकची कुशनं लोक वापरतात ती पण त्यातूनच आलेली. माझं आपलं स्वस्तातलं, अठराशेचं.

चूक मी ही केली की फुगवून टम्म केलं. नवीन माणूस हेच करते, वाटते पैसे दिले तर पूर्ण हवा भरू. मग फुग्यावर बसल्यासारखं होते, वळणावर गाडी एकीकडे आणि आपण दुसरीकडे, पोटात गोळा येते. खरी पद्धत म्हणजे भरून बसायचं आणि बसल्या बसल्या वॉल्व्ह उघडून हवा सोडत राहायची, खालची सीट जेमतेम लागणार नाही इतकीच ठेवायची. हे समजायला मला दोन राईड लागल्या. जूनमध्ये चिखलदऱ्याला गेलो तेव्हा दुसरी गोष्ट समजली, परतवाड्याला बरोबर बसलेली हवा वर घाट चढल्यावर टणक झाली. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटर, चिखलदरा अकराशेच्या आसपास, वर हवेचा दाब कमी, म्हणून कुशन फुगते. वर जाऊन परत थोडी हवा सोडायची, खाली उतरलो की परत तोंडानं भरायची, हेल्मेट काढा, गाठ सोडा, फुंका, टपरीवरचे लोक पाहून राहिले की हा माणूस सीटला तोंड लावून काय करून राहिला.

सायकलवाल्यांची पॅड लावलेली चड्डी पण घेतली होती, ती एकाच राईडमध्ये कपाटात गेली. ते पॅड सायकलवर पुढे वाकून बसण्याच्या हिशोबानं शिवलेलं असते, आपण मोटरसायकलवर ताठ बसतो, मग ते पॅड नको तिथं येऊन गोळा होते. पुढे नाही लिहीत.

तर काका. माझ्या ऑफिसातल्या एका पोराच्या काळीपिवळीवाल्या मामानं पत्ता सांगितला. मी गेलो आणि मोठ्या ऐटीत म्हटलं की काका एकदम नरम फोम टाका, जेवढा नरम मिळेल तेवढा, पैशाचं टेन्शन नाही. काकांनी रेडिओ बारीक केला आणि म्हणाले, "भाऊ, गादी झोपाले असते, बसाले नाही. बसाले पाटच पाहिजे." मला वाटलं मस्करी करून राहिले. मग त्यांनी खोक्याचा एक पुठ्ठा खाली टाकला, त्या नालीदार पुठ्ठ्याचा, आणि म्हणाले बसा याच्यावर, पाय थोडे वर उचला. उठलो तर पुठ्ठ्यावर दोन खड्डे उमटलेले. ती आपली बसायची दोन हाडं. सगळं वजन त्या दोन हाडांवर असते, बाकी बूड नुसतं दिखाव्याचं.

नरम फोमचं काय होते की बसल्याबरोबर गोड लागते, शोरूममध्ये पाच मिनिट बसून माणूस खुश होते, पण तासाभरानं ती दोन हाडं फोम दाबत दाबत थेट खालच्या प्लेटपर्यंत जातात. आणि हाडं खाली गेली म्हणजे मधला नाजूक भाग आणि आजूबाजूचं मांस वर दाबल्या जाते, तिथल्या नसा दबतात, रक्त कमी फिरते, म्हणून मुंग्या. टणक फोम हाडांना वर धरून ठेवते. आपण लहानपणी पंगतीत पाटावर तास तास बसलो, बूड दुखलं का कधी, टोंगळे दुखले असतील. हे सगळं काकांनी खड्ड्यांवर खडू फिरवत सांगितलं, डॉक्टरच्या वर.

नंतर मला म्हणाले गाडीवर बसा, जसे रस्त्यावर बसता तसे, इथं शहाण्यासारखे नका बसू. मी बसलो, थोड्या वेळानं आपोआप टाकीकडे घसरलो, कारण सीटला पुढे उतार होता आणि मला इतक्या वर्षात ते दिसलंच नव्हतं. घसरलो की जीन्स मागे ओढल्या जाते, जांघा काचतात, आपण परत मागे सरकतो, परत घसरतो, दिवसभर हाच धंदा. काकांनी पुठ्ठ्यावरचं माप सीटवर घेतलं, जिथं हाडं येतात तिथं दोन गोल काढले, आणि दोन दिवसांनी या म्हणाले. दोन दिवसांचे पाच दिवस झाले ती गोष्ट वेगळी, पयल्या चकरेत काकांच्या साडूच्या घरी लग्न होतं, दुसऱ्या चकरेत लाइन गेली होती.

काम मी समोर बसून पाहिलं. कंपनीचा फोम वरून आरीनं कापला, मधला खड्डा पूर्ण काढला. खाली एक इंच रिबाँड, म्हणजे फोमचाच चुरा दाबून बनवलेला रंगीबेरंगी ठोकळा, दगडासारखा लागते हाताला. त्याच्यावर 40 डेन्सिटीचा फोम, आणि सगळ्यात वर अर्धा इंच मऊ थर, तो नुसता तोंड गोड करायला. इथं एक गोष्ट लक्षात ठेवा, डेन्सिटी म्हणजे टणकपणा नाही, डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरमध्ये किती किलो फोम भरला आहे ते, टणकपणा वेगळा असते, पण जास्त डेन्सिटीचा फोम लवकर बसत नाही, वर्षभरानं पण तसाच राहते. दुकानदार दोन्ही शब्द एकच म्हणून वापरतात, तुम्ही अंगठ्यानं दाबून पहा. मग पुढच्या बाजूला पाचर लावून उतार काढला, मागे रुंद केली, पुढे टाकीजवळ मुद्दाम निमुळती ठेवली, नाहीतर माझे पाय जमिनीला पोचले नसते. ग्राइंडरला घासायची चकती लावून सगळं गुळगुळीत केलं, खोलीत फोमचा बर्फ पडला होता. कव्हरची शिलाई वरून काढून बाजूला नेली, कारण बसायच्या जागेवर शिलाई असली की शंभर किलोमीटरनंतर ती दोऱ्यासारखी नाही, सळईसारखी लागते.

2200 रुपये झाले. वर जाळीचं कव्हर घेतलं ते 450 वेगळे, पण ते जाळीचं कव्हर मी कुणालाही डोळे मिटून सांगीन, खालून हवा खेळते, घाम साचत नाही, उन्हात रेक्झिनइतकं तापत नाही. ट्रकवाले जे लाकडी मण्यांचं कव्हर टाकतात त्याचं पण तेच गणित आहे. अमेरिकेत आयर्न बट नावाची लांब पल्ल्यावाल्यांची संघटना आहे, त्यांची सगळ्यात साधी राईड म्हणजे 24 तासात 1000 मैल, 1600 किलोमीटरच्या वर, त्या लोकांमध्ये पण मणी आणि मेंढीचं कातडं वापरणारे आहेत. म्हणजे आपला ट्रक ड्रायव्हर काही मागे नाही.

आता तक्रारी, कारण काकांची नुसती आरती करायला नाही बसलो. पयली म्हणजे सीट नवीन असताना इतकी टणक लागली की बुटीबोरीपर्यंत जाऊन परत येता येता मी काकांना मनातल्या मनात शिव्या देऊन राहिलो होतो. तीन-चारशे किलोमीटर चालल्यावर ती अंगाला बसली. ते त्यांनी आधी सांगायला पाहिजे होतं, मी जवळजवळ परत जाऊन भांडणार होतो. दुसरी, उंची इंचभर वाढली, सिग्नलला मला आता एक पाय पूर्ण टेकते आणि दुसऱ्याचा चवडा, माझ्यापेक्षा बुटके असाल तर आधीच बोलून घ्या.

तिसरी मोठी. जुलैत पयला जोराचा पाऊस आला, गाडी ऑफिसच्या बाहेर उभी होती, संध्याकाळी बसलो तर पँटीतून थेट आत पाणी. शिलाईतून पाणी आत गेलं आणि फोमनं स्पंजासारखं पिऊन घेतलं. तीन दिवस सीट ओली, वास असा की पोरगा म्हणे बाबा गाडीत काही मेलं का. काकांकडे गेलो, त्यांनी कव्हर उकललं, पाहिलं, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "पन्नी टाकाची राहिली भाऊ." फोम आणि कव्हरच्या मध्ये पन्नी, म्हणजे प्लास्टिकचा कागद टाकतात, ती विसरले. माणूस कबूल तर झाला, पैसे पण नाही घेतले, पण फोम वाळवायला सीट चार दिवस त्यांच्याकडे राहिली आणि मी भर पावसात ऑटोनं ऑफिसला. तुम्ही गेलात तर कव्हर ताणायच्या आधी उभे राहून विचारा, काका पन्नी टाकली का.

चौथी तक्रार माझी नाही, घरातली आहे. सगळं झाल्यावर बायकोला घेऊन रामटेकला गेलो, पन्नास किलोमीटर, मोठ्या कौतुकानं विचारलं कसं वाटते. ती म्हणाली, "तुमचं सिंहासन झालं, मी काय कॅरिअरवर बसून राहिली का?" आणि बरोबरच होतं तिचं, मागच्या सीटला आम्ही हातच लावला नव्हता, तिचा उतार तसाच, ब्रेक मारला की ती माझ्या पाठीवर. इतके दिवस माझी पाठ दुखायची त्याचं अर्धं कारण ते पण असेल. मागे बसणाऱ्याचा त्रास जास्तच असते, त्याला धक्का आधी दिसत नाही, उभं राहता येत नाही. मग पुढच्या चकरेत तिला सोबत नेलं, तिचा पण पुठ्ठा घेतला, 900 रुपयात मागची सीट. बायांची हाडं थोडी जास्त अंतरावर असतात म्हणे, तिचे खड्डे खरंच माझ्यापेक्षा लांब उमटले. शेवटची चकर ती सीट आणायची.

ऑक्टोबरमध्ये जबलपूर. देवलापार, खवासा, मग पेंचचा तो पट्टा जिथं जनावरांना खालून जायला म्हणून रस्ताच वर उचलला आहे, सिवनी, लखनादौन, पावणेतीनशेच्या आसपास किलोमीटर. आधी साठ किलोमीटरवर चुळबुळ सुरू व्हायची, ह्यावेळी सिवनी गेल्यावर, म्हणजे सव्वाशेच्याही पुढे जाणवायला लागलं, आणि ते पण दुखणं नाही, नुसतं कंटाळल्यासारखं. पूर्ण नाही गेलं आणि जाणार पण नाही, ज्याला दुखतच नाही म्हणून कोणी विकून राहिला त्याच्यापासून लांब राहा. भेडाघाटला मी दगडी पायरीवर जाऊन बसलो, मुद्दाम, अर्धा तास.

पण सगळं श्रेय सीटचं नाही हे पण खरं. जीन्स सोडून दिली, तिच्या मागच्या जाड शिवणी आणि खिशातलं पाकीट हे अर्ध्या दुखण्याचं मूळ आहे, पाकीट तर आजच काढा, एका बाजूची कंबर वर होते त्यानं. आत सुती चड्डी घाम पिऊन ओली राहते आणि काचते, खेळाडू घालतात तशी सपाट, बिनशिवणीची, लवकर वाळणारी घातली. मागच्या शॉकअपची स्प्रिंग कंपनीनं जशी दिली तशीच होती, आम्ही दोघं आणि सामान मिळून पावणेदोनशे किलोच्या आसपास जातो, दोन खाच कडक केली तर खड्ड्यात सीटवरून उडणं बंद झालं. आणि दर तासाला थांबायचं, पाणी प्यायचं, पाच मिनिट चालायचं, ह्याला काही पर्याय नाही, मधे मधे फूटरेस्टवर उभं राहून रक्त फिरू द्यायचं. आपल्याला तसंही घाई कशाची, समृद्धीवर दुचाकीला बंदीच आहे, जुन्याच रस्त्यानं जायचं तर टपऱ्या पण आहेत.

एअर कुशन मी फेकलं नाही, लांबच्या राईडला सोबत बांधतो, दुपारनंतर सीटवर टाकलं की दुखायची जागा बदलते, तेवढं पण पुरते. जेल पॅड बायकोनं स्वयंपाकघरातल्या स्टुलाला दिलं.

जायचं असेल तर हे ध्यानात ठेवा, काकांकडे यूपीआय आहे पण तो स्कॅनर त्यांच्या मुलाचा आहे आणि मुलगा दुकानात नसला की काका नगदच मागतात. सकाळी अकराच्या आधी शटर उघडत नाही. कंपनीची सीट कापायला जीव होत नसेल तर भंगारातून त्याच मॉडेलची फाटकी सीट आणा, खालची प्लेट शाबूत पाहून, आणि त्याच्यावर काम करून घ्या, म्हणजे गाडी विकताना जुनी सीट परत लावता येते. मी हे केलं नाही, आता पस्तावून राहिलो. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस जाऊ नका, तेव्हा काका सोफ्यांचं काम घेतात आणि बाईकवाल्याला ओळख पण देत नाहीत.